कुंभाराच्या चाकावर चालणारा पाणतीर

जुन्या पद्धतीचं कुंभाराचं चाक तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. त्याला मोटार नसते, पायाने मारायचं पॅडलही नसतं. कुंभार चाकाच्या कडेजवळच्या खाचेत काठी अडकवतो, चाक गरागरा फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि मगच मातीला हात लावतो. त्यानंतर जे काही घडवायचं, ते त्या साठवलेल्या फिरकीवर. मडकं आकार घेत जातं तसतसं चाक मंदावत जातं. अगदीच रेंगाळलं की पुन्हा काठी.

अमेरिकी नौदलातल्या जॉन ॲडम्स हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने १८७० साली हीच युक्ती पाण्याखालच्या शस्त्रासाठी वापरायला घेतली. जहाजावर असतानाच पाणतीराच्या, म्हणजे टॉर्पेडोच्या, पोटातलं जड चाक जोरात फिरवायचं आणि मग पाणतीर समुद्रात सोडायचा. त्याने पुढे जे अंतर कापायचं ते त्या एका चाकाच्या फिरकीवर. फरक एवढाच की समुद्रात पुन्हा काठी मारायला कुंभार नसतो. पाणतीराची सगळी दुखणी या एका वाक्यातून निघतात, आणि त्याचे सगळे गुणही.

हॉवेल टॉर्पेडो तयार व्हायला १८८९ साल उजाडलं, म्हणजे जवळपास वीस वर्षं गेली. एकूण ५० नग बनले. युद्धात त्यातला एकही डागला गेला नाही. एवढ्यावरून कुणी त्याला फसलेलं शस्त्र म्हणेल. पण त्याची रचना नीट समजून घेतली, तर पुढच्या कितीतरी वर्षांच्या पाणतीरांचा जीव कशात होता ते कळतं. म्हणूनच हे यंत्र मला फार आवडतं.

आधी 'टॉर्पेडो' या शब्दाविषयी

हॉवेलच्या तरुणपणी या शब्दाचा अर्थ वेगळा होता. पाण्यात नांगरून ठेवलेल्या स्फोटकांच्या पिंपाला, म्हणजे आपण ज्याला पाणसुरुंग म्हणतो त्यालाच, तेव्हा टॉर्पेडो म्हणत. अमेरिकी यादवी युद्धात ५ ऑगस्ट १८६४ रोजी मोबाइल उपसागराच्या तोंडाशी 'टेकम्सी' हे चिलखती जहाज अशाच एका पाणसुरुंगावर गेलं आणि काही मिनिटांत बुडालं. त्या लढाईत 'ऑसिपी' या जहाजावर हॉवेल अधिकारी होता. पाण्याखालचा एक स्फोट अख्ख्या चिलखती जहाजाचं काय करतो, हे त्या पिढीच्या नौदल अधिकाऱ्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फ्यूमे शहरात रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने स्वतःहून पोहणारा पाणतीर बनवला. फ्यूमे म्हणजे आजच्या क्रोएशियातलं रियेका. मूळ कल्पना ऑस्ट्रियाच्या नौदलातून निवृत्त झालेल्या जोव्हानी लुप्पिस या अधिकाऱ्याची होती. व्हाइटहेडने तिचं रूप पार बदलून टाकलं. माशाच्या आकाराचं धातूचं शरीर, पोटात दाबून भरलेली हवा, त्या हवेवर चालणारं इंजिन आणि शेपटीला पंखा. ठरावीक खोली राखण्यासाठी त्याने पाण्याच्या दाबावर हलणारी तबकडी आणि एक लंबक यांची जोडी बसवली. या जोडीला तेव्हा नुसतं 'रहस्य' म्हणत, आणि ते रहस्य तो देशोदेशीच्या नौदलांना पैसे घेऊन विकत असे.

व्हाइटहेडच्या पाणतीराची खोली सुधारली, दिशेचं मात्र काय? एकदा सोडल्यावर त्याला सरळ ठेवणारं आत काहीच नव्हतं. शेपटीची पाती आधीच बेतून ठेवायची, मग तो जाईल तसा जाईल. लाटेचा फटका बसला, पंखा किंचित वाकडा असला की तो हळूहळू बाजूला वळायचा, आणि एकदा वळला की परत आणणारं कुणी नाही. दुसरी अडचण हवेची. दाबून भरलेल्या हवेला चांगलंच वजन असतं. इंजिन ती खर्च करत गेलं की पाणतीर हलका होत जातो, त्याचा तोल बदलतो. शिवाय वापरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि पाण्यावर पांढरा माग उमटवते. समोरच्या जहाजाला कळतं की काहीतरी येतंय, आणि कुठून येतंय तेही.

२९ मे १८७७ रोजी पेरूच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या 'शाह' या जहाजाने बंडखोरांच्या ताब्यातल्या 'उआस्कर' या जहाजावर व्हाइटहेडचा पाणतीर सोडला. लढाईत असा पाणतीर वापरण्याची ही पहिली वेळ. 'उआस्कर'ने तोंड फिरवलं आणि ते सरळ निघून गेलं. पाणतीराचा वेगच इतका कमी होता की त्याला मागे टाकणं जमलं.

अमेरिकेलाही व्हाइटहेडने आपलं रहस्य देऊ केलं होतं. किंमत जास्त वाटली म्हणून नौदलाने नकार दिला. ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टजवळ गोट बेटावर १८६९ मध्ये नौदलाचं टॉर्पेडो केंद्र सुरू झालं होतं. आपण आपलाच पाणतीर बनवू, असा विचार तिथे जोर धरत होता. हॉवेलची कल्पना या हवेत वाढली.

चाक आडवं का बसवलं?

हॉवेलच्या पाणतीराचं वजन सुमारे २६० किलो, लांबी साधारण ३.३ मीटर, जाडी ३६ सेंटिमीटर. त्यातलं ६० किलो वजन एकट्या पोलादी चाकाचं. जहाजावर, पाणतीर सोडायच्या नळीला एक छोटी वाफेची टर्बाइन जोडलेली असे. बॉयलरची वाफ त्या टर्बाइनमध्ये सोडायची, टर्बाइनने चाकाला पकडून फिरवायचं आणि वेग मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत न्यायचा. मग जोड सोडवून पाणतीर पाण्यात ढकलायचा. आत चाकाची फिरकी दातेरी चक्रांमधून शेजारी शेजारी बसवलेल्या दोन पंख्यांकडे जाते आणि पाणतीर पुढे निघतो.

आता खरी गंमत. चाकाचा आस हॉवेलने पाणतीराच्या लांबीच्या दिशेने बसवला नाही. तो आडवा बसवला, डावीकडून उजवीकडे. म्हणजे चाक रस्त्यावर धावणाऱ्या सायकलच्या चाकासारखं, पुढच्या दिशेने फिरतं.

सायकलचं पुढचं चाक सुटं करून हा प्रयोग घरी करता येतो. आसाची दोन टोकं दोन हातांत धरा आणि कुणाला तरी चाक तुमच्यापासून पुढच्या दिशेने जोरात फिरवायला सांगा. आता ते उजवीकडे वळवायचा प्रयत्न करा. चाक उजवीकडे वळायला तयारच होणार नाही. त्याऐवजी ते डावीकडे कलेल. हातात काहीतरी जिवंत धरल्यासारखं वाटतं.

असं का होतं? चाकाचा पुढचा भाग खाली जातोय आणि मागचा वर येतोय. तुम्ही उजवीकडे वळवता तेव्हा पुढच्या भागाला उजवीकडे रेटा बसतो, मागच्या भागाला डावीकडे. पण तो पुढचा भाग काही तिथे थांबत नाही. रेट्याने त्याला मिळालेली उजवीकडची चाल घेऊन तो पाव फेरी पुढे जातो, म्हणजे चाकाच्या तळाशी पोचतो. मागचा भाग तसाच डावीकडची चाल घेऊन माथ्यावर येतो. तळ उजवीकडे, माथा डावीकडे, म्हणजेच चाक कललं. धक्का बसतो एका जागी आणि परिणाम उमटतो पाव फेरी पुढे. फिरणारा भोवरा आरीवर कलला तरी लगेच पडत नाही, गोल गोल डुलत राहतो, त्याचंही कारण हेच.

हे पाणतीराला लावून बघा. लाटेने त्याचं नाक उजवीकडे ढकललं तर साधा पाणतीर उजवीकडे वळतो आणि नेम चुकतो. हॉवेलचा पाणतीर वळत नाही, कुशीवर कलतो. दिशा तशीच राहते. दिशेची चूक कलण्यात बदलली जाते. आणि ही अदलाबदल फार मोलाची आहे, कारण पाण्याखाली दिशा ओळखणं अवघड, पण कल ओळखणं अगदी सोपं: एक लंबक टांगला की झालं. लंबक नेहमी खाली बघतो. पाणतीर कलला की लंबक आणि पाणतीर यांच्यात कोन तयार होतो. हॉवेलने नेमका असा लंबक आत बसवला आणि तो उभ्या सुकाणूंना जोडला. पाणतीर कलला की सुकाणू उलटा रेटा देतात, आणि मघाच्याच नियमाने त्या रेट्यामुळे पाणतीर वळत नाही, सरळ होतो.

नाक वर-खाली करायला मात्र चाक आडकाठी करत नाही, कारण तेव्हा पाणतीर चाकाच्या स्वतःच्या आसाभोवतीच वळत असतो. त्यामुळे खोली राखणाऱ्या सुकाणूंचं काम बिनबोभाट चालतं. डावी-उजवीकडे घट्ट, वर-खाली मोकळा. पाणतीराला हवं होतं ते हेच, आणि यासाठी वेगळा एकही भाग लागला नाही. जे चाक ढकलत होतं तेच सांभाळतही होतं. बुडबुडे नाहीत, पाण्यावर माग नाही, खर्च होऊन हलकं होणारं काही नाही. चाचण्यांमध्ये त्याच्या सरळ जाण्याचं कौतुक झालं ते उगाच नव्हे.

मग अडलं कुठे?

अंतरात. हॉवेलचा पाणतीर २५ नॉट वेगाने, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरने, साधारण ४०० यार्ड जायचा. ४०० यार्ड म्हणजे जेमतेम ३६५ मीटर. सगळा प्रवास अर्ध्या मिनिटाचा.

चाकात ऊर्जा किती असेल याचा अंदाज घेऊ. वजन ६० किलो, वेग मिनिटाला १०,००० फेऱ्या, आणि चाकाची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरू, कारण ३६ सेंटिमीटर जाडीच्या शरीरात फार मोठं चाक मावणार नाही. हिशोब ४ लाख ज्यूलच्या आसपास जातो. घरातला ७५ वॉटचा छताचा पंखा एवढ्या ऊर्जेवर दीड तास चालेल. अडीचशे किलोचं धूड पाण्यातून ताशी ४६ किलोमीटरने रेटायचं म्हटलं की ती अर्ध्या मिनिटात संपते.

मग चाक आणखी जोरात फिरवायचं? इथे हॉवेल भिंतीपाशी येऊन थांबतो. १०,००० फेऱ्यांना त्या चाकाची कड ताशी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. त्या वेगात कडेचा प्रत्येक कण बाहेर निसटू पाहतो आणि पोलादाने त्याला धरून ठेवायचं असतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. पण पोलादावरचा ताणही त्याच वर्गाने वाढतो. दुप्पट ऊर्जा हवी असेल तर पोलादाला दुप्पट ताण सोसावा लागणार. तेव्हाचं पोलाद आधीच मर्यादेच्या जवळ होतं. चाक जड करावं तर पाणतीर जड होतो, मोठं करावं तर पाणतीर जाड होतो आणि पाण्याचा विरोध वाढतो. या कल्पनेत वाढीला जागाच नव्हती, आणि माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा दोष. बाकीचे दोष सुधारता येण्यासारखे होते.

उदाहरणार्थ, मंदावणाऱ्या चाकाचा. वेग निम्मा झाला की ऊर्जा पाव उरते, म्हणजे पाऊण साठा संपेपर्यंत फेऱ्या पार निम्म्यावर येतात. पंखे तसेच ठेवले तर पाणतीर आधी सुसाट आणि नंतर रखडत जाईल. हॉवेलने पंख्यांच्या पात्यांचा कोन चालता चालता बदलण्याची सोय केली. फेऱ्या कमी होतील तशी पाती जास्त तिरपी होतात आणि प्रत्येक फेरीत जास्त पाणी कापतात, म्हणजे वेग टिकतो. त्या काळात, एवढ्याशा शेपटीत बसणारी ही सोय थक्क करणारी आहे. पण चाक मंदावलं की त्याची दिशा धरून ठेवण्याची ताकदही कमी होते, त्याला पात्यांचा कोन काय करणार?

मघाचा नियम उलटाही लागू पडतो, हे आणखी एक दुखणं. वळवायला गेलं की चाक कलतं, तसंच कलवायला गेलं की ते वळतं. पाणतीराला काही कारणाने कलवणारा रेटा बसत राहिला, तर तो सावकाश दिशा सोडू लागणार. दोन पंखे शेजारी शेजारी का बसवले, लंबकावर इतका भर का दिला, ते यातून कळतं.

आणि वापरणाऱ्यांची अडचण. व्हाइटहेडचा पाणतीर एकदा हवा भरून ठेवला की शत्रू दिसताच सोडता येतो. हॉवेलच्या पाणतीराला शत्रू दिसल्यावर वाफ द्यायची, चाक वेगात येईपर्यंत थांबायचं, आणि सोडण्याची घडी लांबली तर वाफ देतच राहायचं. वाफेचे नळ थेट पाणतीराच्या नळीपर्यंत न्यायचे. तोफगोळे सुटत असताना हे सगळं.

अर्ध्या मिनिटाचं अंतर

न्यूपोर्टच्या केंद्राकडे 'स्टिलेटो' नावाची लाकडी टॉर्पेडो बोट होती. हेरेशॉफ कंपनीने ती मुळात खासगी यॉट म्हणून बांधली होती. नौदलाने ती विकत घेतली आणि हॉवेलच्या चाचण्यांना जुंपली. शांत पाण्यात, समोरून कुणी गोळी झाडत नसताना, ४०० यार्ड हे अंतर चालून जातं. पण १८८० च्या दशकात जहाजांवर वेगाने मारा करणाऱ्या छोट्या तोफा आल्या. टॉर्पेडो बोटींचा चुराडा करणं हेच त्यांचं काम. अशा बोटीने मोठ्या जहाजाच्या ४०० यार्ड जवळ जाऊन नेम धरायचा म्हणजे खलाशांनी जीव तळहातावर घेऊन जायचं. या तोफांसाठी जगभर नाव झालं ते हॉचकिसचं. आणि हॉवेलचा पाणतीर बनवण्याचं कंत्राटही ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या हॉचकिस कंपनीकडेच होतं.

इकडे व्हाइटहेड थांबलेला नव्हता. १८९१ मध्ये ब्रुकलिनच्या ई. डब्ल्यू. ब्लिस कंपनीने त्याचा पाणतीर अमेरिकेत बनवण्याचे हक्क घेतले. अमेरिकी नौदलाचा पहिला व्हाइटहेड सुमारे ८०० यार्ड जात असे, हॉवेलच्या दुप्पट, वेग किंचित जास्त आणि स्फोटकही थोडं अधिक. हवेच्या टाकीत वाढीला जागा होती. टाकी लांब करा, दाब वाढवा, आणि पुढे लोकांना सुचलं तसं हवा इंजिनात जाण्यापूर्वी तापवा. १९०४ च्या सुमारास आलेला ब्लिस-लेविट पाणतीर तापवलेल्या हवेवर ४,००० यार्ड गेला. त्यात इंजिनाऐवजी टर्बाइन होती. हॉवेलने टर्बाइन जहाजावर ठेवली होती, ती आता पाणतीराच्या पोटात गेली. एकाच दिशेने फिरणाऱ्या त्या टर्बाइनमुळे तो पाणतीर कुशीवर कलायचा आणि उलट दिशेने फिरणारी दुसरी बसवावी लागली, तेव्हा कलण्याचं दुखणं इथेही सुटलं नाहीच.

व्हाइटहेडचा दिशेचा प्रश्न मात्र शिल्लक होता, आणि तो सोडवताना हॉवेलचं चाक परत आलं. ऑस्ट्रियाच्या नौदलात काम केलेल्या लुडविग ओब्री याने ट्रिएस्टमध्ये एक लहानसा जायरोस्कोप तयार केला. जायरोस्कोप म्हणजे वेगाने फिरणारं चाक, पण सगळीकडून मोकळ्या कड्यांमध्ये टांगलेलं. पाणतीर सुटताना दाबलेली स्प्रिंग त्याला फिरकी देते. पाणतीर कितीही वळला तरी चाकाचा आस आपली मूळ दिशा सोडत नाही. दोहोंत फरक पडला की एक छोटी झडप हलते, आणि सुकाणू वळवण्याचं जड काम हवा करते. व्हाइटहेडने हे यंत्र घेतलं आणि १८९६ च्या सुमारास ते त्याच्या पाणतीरांत बसू लागलं.

हॉवेलचं चाक एकाच वेळी बैलही होतं आणि गाडीवानही. ओब्रीने त्याच्याकडे फक्त गाडीवानाचं काम ठेवलं. नुसती दिशा दाखवायची तर चाक तळहातावर मावेल एवढं पुरतं. ६० किलोची गरज नाही, वाफेची नाही, टर्बाइनची नाही. ओढायला हवा आहेच. हॉवेलचा एकमेव मोठा फायदा, सरळ जाणं, आता व्हाइटहेडकडेही आला आणि अंतर तर आधीपासूनच दुप्पट होतं. त्यानंतर हॉवेलच्या पाणतीरासाठी जागा उरली नाही. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात हॉवेल स्वतः एका गस्ती ताफ्याचा प्रमुख होता. त्याचा पाणतीर मात्र त्या युद्धात एकदाही डागला गेला नाही.

क्रमांक २४

२० डिसेंबर १८९९ रोजी 'आयोवा' ही युद्धनौका कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळ सराव करत होती. त्या सरावात सोडलेला हॉवेलचा २४ क्रमांकाचा पाणतीर परत मिळाला नाही. जहाजाच्या नोंदवहीत तो हरवल्याची नोंद झाली.

मार्च २०१३ मध्ये त्याच भागात, कोरोनाडोच्या समुद्रात, अमेरिकी नौदल पाणसुरुंग शोधणाऱ्या डॉल्फिनना शिकवत होतं. टेन नावाचा डॉल्फिन वर आला आणि खाली काहीतरी सापडल्याची खूण त्याने केली. जिथे काही ठेवलेलंच नव्हतं अशा जागेवर. प्रशिक्षकांना ती चूक वाटली. पुढे स्पेट्झ नावाच्या दुसऱ्या डॉल्फिननेही तीच जागा दाखवली, तेव्हा पाणबुडे खाली गेले. वाळूत पितळी शरीराचा मधला आणि शेपटीकडचा भाग पडला होता. ५० पैकी जपलेला असा पाणतीर तोवर एकच माहीत होता, वॉशिंग्टन राज्यातल्या कीपोर्टच्या संग्रहालयातला. सापडलेल्या तुकड्यांवरचा गाळ काढल्यावर ठोकलेली अक्षरं दिसली: यूएसएन नंबर २४.